अर्जात न घातलेले चिंचोके

आयुष्यात मी किती अर्ज लिहिले याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. परंतु जे फेटाळले गेले ते सर्व मला आठवतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाला मी काही ना काही कारण देत आलो आहे. साहेब नवीन होता, कारकुनाने पान गहाळ केले, पक्षकाराने माहिती दडवली. एकच अर्ज असा आहे की ज्याच्या फेटाळणीचे कारण मी स्वतः आहे. तो मी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील आयसेलिन या गावी लिहिला आणि तो एका परक्या देशाच्या क्रीडा समितीकडे गेला. त्या देशाचे नाव मी येथे देत नाही. देश इतका लहान आहे की नाव दिले तर माणूस ओळखू येईल, आणि त्या माणसाचे माझ्या हातून झाले तेवढे नुकसान पुरे आहे.

प्रथम माझ्याविषयी. तालुक्याच्या कचेरीबाहेर, मुद्रांक विक्रेत्याच्या शेजारी, माझे टेबल बावीस वर्षे होते. मॅट्रिकला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा इंग्रजीने मला अडवले. तरीही कचेरीच्या आवारात वकीलसुद्धा माझ्याकडून मसुदा तपासून नेत असत. हे मी आढ्यतेने लिहीत नाही, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. २००१ साली पत्नीच्या भावाने आम्हा दोघांना अमेरिकेत बोलावून घेतले. ओक ट्री रोडवर त्याचे किराणा दुकान होते आणि मी तेथे माल लावावा अशी त्याची अपेक्षा होती. दोन महिन्यांत त्याच्या लक्षात आले की डाळींच्या पिशव्या माझ्या हातून सरळ लागत नाहीत, आणि माझ्या लक्षात आले की या गावाला माझ्या विद्येची गरज आहे. पुण्याची, मुंबईची, नागपूरची संगणकावर काम करणारी माणसे दुकानात येत. दिवसभर ती कोट्यवधींची यंत्रे चालवत, परंतु गावाकडच्या तलाठ्याला किंवा पेन्शन कार्यालयाला चार ओळी लिहायच्या म्हटले की त्यांना घाम फुटे. ‘काका, ते ऑफिशियल मराठी आपल्याला जमत नाही यार,’ असे म्हणून ती माझ्याकडे वळत. मेव्हण्याने फोटोकॉपीच्या यंत्राजवळ मला एक टेबल दिले. मी त्यावर हिरवे कापड अंथरले आणि खिशाला शाईचे पेन लावून पुन्हा बसू लागलो.

आम्ही राहत होतो त्या इमारतींची देखभाल करणारा एक गृहस्थ होता. साठीचा, उंच, सावळा, कॅरिबियन समुद्रातील एका बेटाचा रहिवासी. गळके नळ, अडकलेली दारे, हिवाळ्यात पायऱ्यांवरचे बर्फ, हे सर्व तो पाहत असे. दुकानात तो चिंच घ्यायला येई. त्याच्या बेटावर चिंचेची झाडे होती आणि त्याची आई चिंचेचे साखरेत घोळलेले गोळे करीत असे, हे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितले. मला तो ‘मिस्टर रायटर’ म्हणे. या देशात इतर कोणीही मला माझ्या व्यवसायावरून हाक मारली नव्हती, आणि त्यामुळेच मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे करू लागलो, हे मला मान्य केले पाहिजे.

हा मनुष्य तरुणपणी धावपटू होता. त्याचा देश स्वतंत्र झाला त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या भागातील देशांच्या मोठ्या क्रीडास्पर्धा भरल्या. तेथे पोहणे, मुष्टियुद्ध, भारोत्तोलन, धावणे सर्व काही होते. त्यांत त्याच्या देशाने प्रथमच पथक पाठवले. पथकात तीन माणसे होती. एक हा, एक मुष्टियोद्धा, आणि एक प्रशिक्षक, जो एरवी शाळेत भूगोल शिकवीत असे. उद्घाटनाच्या संचलनात ध्वज कोणी धरायचा यावर वाद झाला नाही, कारण मुष्टियोद्ध्याची उंची कमी होती आणि प्रशिक्षकाचे खांदे दुखत होते. यजमानांकडे त्यांच्या राष्ट्रगीताची ध्वनिफीतच नव्हती. ‘कोणी मागितलीही नाही,’ तो म्हणाला. ‘ती वाजण्याची पाळी येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.’

त्यापुढचा इतिहासही तो मला तुकड्या-तुकड्यांनी सांगे. मुष्टियोद्धा पहिल्याच फेरीत हरला आणि सुजलेल्या डोळ्याने शहर पाहत हिंडला. नंतरच्या एका स्पर्धेत त्यांची एक मुलगी चार वर्षे तयारी करून गेली आणि इशाऱ्याच्या आधी पळाल्यामुळे बाद झाली. एक गोळाफेक करणारा गेला, तो तिकडेच लग्न करून राहिला. पदक एकही नाही. आमचा सगळा इतिहास तुमच्या या टेबलावर मावेल आणि चहाचा कप ठेवायला जागा उरेल, असे तो म्हणे. मी एकदा सहानुभूती दाखवली तेव्हा तो हसला.

‘तुम्ही किती कोटी आहात, मिस्टर रायटर?’

‘शंभरावर,’ मी म्हणालो.

‘आणि पदकांच्या यादीत कुठे असता?’

मी विषय बदलला.

त्याच्या बोलण्यात कोठेही लाज नव्हती, आणि ते मला खटके. हरलेल्या दाव्याविषयी माणसाने खालच्या आवाजात बोलावे अशी आमच्याकडची रीत होती. हा सर्वांसमक्ष, मोठ्या आवाजात, आपण शेवटचे आलो असे सांगत असे.

२००७ च्या वसंतात तो एक वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आला. त्या दिवशी माझ्या टेबलाशी नागपूरच्या एक बाई बसल्या होत्या. तिशीच्या, संगणक अभियंता. त्यांच्या वडिलांच्या हयातीच्या दाखल्याचे प्रकरण मी मार्गी लावले होते, त्याच्या बदल्यात त्या माझा इंग्रजी मजकूर तपासून टाईप करून देत. कात्रण त्याच्या बहिणीने पाठवले होते. पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकपूर्वी त्याच्या देशाची क्रीडा समिती एक पुस्तिका काढणार होती आणि तीत आजवर देशातर्फे खेळलेल्या प्रत्येकाचे नाव व कामगिरी येणार होती. कच्ची यादी वर्तमानपत्रात छापून दुरुस्त्या मागवल्या होत्या. याच्या नावापुढे लिहिले होते : दहा हजार मीटर, शर्यत पूर्ण केली नाही.

‘हे चूक आहे,’ तो म्हणाला. ‘मी पूर्ण केली. मी शेवटचा आलो.’

मग त्याने हकीकत सांगितली. दहा हजार मीटर म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. याच्या तेवीस झाल्या तेव्हा बाकीचे सर्व संपवून पाणी पीत होते. पंचांना वाटले की हाही संपला. त्यांनी कागद आवरले, कामगारांनी पुढच्या शर्यतीचे अडथळे आणून मांडायला सुरुवात केली. हा बाहेरच्या कडेने धावत राहिला. मैदानावर त्याच्याकडे पाहणारा एकच मनुष्य होता, तो भूगोलाचा मास्तर. त्याने घरून निघताना पंचवीस चिंचोके आणले होते आणि प्रत्येक फेरीला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकीत होता. याने रेषा ओलांडली तेव्हा मास्तरने डावा खिसा उलटा करून दाखवला. खिसा रिकामा होता.

‘रिअली चिंचोके? टॅमरिंड सीड्स?’ बाईंनी विचारले.

‘आमच्या शाळेतल्या झाडाचे,’ तो म्हणाला. ‘मास्तर अजून आहेत. ऐंशीच्या पुढे. समिती त्यांना विचारेल. त्यांनी हो म्हटलं की झालं. मला दुसरं काही नको, मिस्टर रायटर. फक्त “पूर्ण केली, शेवटचा” एवढं लिहून हवंय.’

येथे मला माझ्या व्यवसायातील एक रीत सांगितली पाहिजे. शिंपी कपड्याला आतून माया सोडतो, तशी आम्ही अर्जाला माया सोडत असू. दोन एकर हवे असतील तर चार मागायचे, दोन दिवस उपाशी असेल तर आठ लिहायचे. वाचणारा साहेब निम्मे कापणार हे आम्हाला माहीत असे, आम्ही दुप्पट लिहिले आहे हे साहेबाला माहीत असे, आणि त्यामुळे कोणीच कोणाशी खोटे बोलत नसे. बावीस वर्षे मी असेच लिहिले आणि लोकांची कामे झाली. ‘मी शेवटचा आलो, तशी नोंद करा’ असा अर्ज माझ्या हातून कधी गेला नव्हता. असा अर्ज पाहून समिती हसेल, असे मला वाटले. खरे सांगायचे तर अर्जामागे माझा हात आहे हे कळल्यावर ती मला हसेल, असे वाटले. शेवटचा म्हणवून घ्यायचे असेल तर सातवा मागावा. ते कापून कापून शेवटचा देतील. मी लिहिले की अर्जदाराने अतीव प्रतिकूल परिस्थितीत, पायाला गंभीर दुखापत झालेली असताना, सातव्या क्रमांकाने शर्यत पूर्ण केली. दुखापतही मीच केली होती. चिंचोके मी घातले नाहीत. आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या अर्जात चिंचोके शोभणार नाहीत असे माझे मत पडले, आणि त्यांच्या जागी मी ‘प्रशिक्षकांनी ठेवलेल्या अधिकृत नोंदी’ असे शब्द योजले.

बाईंनी टाईप करताना बोटे थांबवली.

‘काका, तो तर लास्ट म्हणत होता नं? हे सेव्हन्थ काहून लिहिलं?’

‘तुम्ही फक्त टाईप करा,’ मी म्हणालो. ‘अर्ज कसा चालतो ते मला माहीत आहे.’

‘पण हे चेक करतील काका. ही तुमची तहसील कचेरी नाही.’

‘तुमच्या वडिलांची पेन्शन कोणी सुरू केली?’

त्यावर त्यांनी पुढे टाईप केले. हे मी त्यांना म्हणालो, ही माझ्या लाजेची पहिली पायरी होती, परंतु त्या वेळी मला ते समर्पक उत्तर वाटले.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून तसाच सही करायला आला. वाचायचा चष्मा त्याच्याजवळ नव्हता. ‘तुम्ही वाचून दाखवा,’ तो म्हणाला आणि डोळे मिटून बसला. अर्जदाराला मजकूर वाचून दाखवणे हा आमच्या कामातला सर्वांत जुना नियम. अर्जाच्या तळाशी तसे लिहिलेलेच असते : वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे. मी त्याला पहिला परिच्छेद वाचून दाखवला, देशाच्या गौरवाचा. शेवटचा वाचून दाखवला, नम्र विनंतीचा. मधला वाचला नाही. तो डोळे मिटून मान हलवीत होता. मग मी बोट ठेवले तेथे त्याने सही केली आणि म्हणाला, ‘छान लिहिलंत. मास्तरांना आवडेल.’

उत्तर पावसाळी ऑगस्टात आले. त्याने ते घरी चष्मा लावून वाचले होते आणि नंतर माझ्याकडे आणले होते. भाषा सभ्य होती. समितीने प्रशिक्षकांची भेट घेतली होती. अर्जदार सातव्या क्रमांकाने आले काय, असे त्यांना विचारले असता त्यांनी स्पष्टपणे ‘नाही’ असे उत्तर दिले होते. अर्जदारास दुखापत झाली होती काय, यालाही ‘नाही’. अधिकृत नोंदी आपण ठेवल्या काय, यालाही ‘नाही’. अर्जातील विधाने अशा रीतीने निराधार ठरल्यामुळे मूळ नोंद कायम ठेवण्यात येत होती. शर्यत पूर्ण झाली काय, हे मास्तरांना कोणी विचारलेच नव्हते. कारण माझ्या अर्जावरून त्यांनी प्रश्न काढले होते आणि माझ्या अर्जात तो प्रश्न सातव्या क्रमांकाच्या आणि दुखापतीच्या मागे झाकला गेला होता.

‘हे सातवा कुठून आलं?’ त्याने विचारले. आवाज चढलेला नव्हता.

मी कागद हातात घेऊन बराच वेळ वाचण्याचा बहाणा केला. समोरच्या फळीवर मसाल्यांची पाकिटे होती; त्यांवरची नावेही मी वाचली. नंतर म्हणालो, ‘टाईप करताना बाईंकडून काहीतरी चूक झालेली दिसते.’

तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग ‘अच्छा’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणाला.

पुढच्या शनिवारी बाई दुकानात भाजी घ्यायला आल्या तेव्हा तोही तेथे होता. माझ्या देखत तो त्यांच्यापाशी गेला आणि म्हणाला, ‘तुम्ही मनाला लावून घेऊ नका. टाईप करताना चुका होतात. माझ्याही हातून नळ उलटे बसतात.’

बाईंच्या हातात भेंडीची पिशवी होती. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्याला त्या एवढेच म्हणाल्या, ‘आय अॅम सॉरी, अंकल.’ तो गेल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या.

‘काका, मी गप्प बसले. तुमचे केस पांढरे आहेत म्हणून.’

‘माझा तसा हेतू नव्हता,’ मी म्हणालो.

‘हेतूचं राहू द्या. दुसरं लेटर लिहू. आत्ता. त्यात खरं काय ते टाका, आणि ते चिंचोके टाका.’

आम्ही लिहिले. चिंचोके घातले, पंचवीसच्या पंचवीस. डाव्या खिशापासून रिकाम्या खिशापर्यंत सर्व घातले. परंतु पहिल्या अर्जातील मजकुराचा खुलासा करण्याची वेळ आली तेव्हा मी सांगितले, ‘लिहा : नजरचुकीने.’

‘नजरचुकीने नाही काका. तुम्ही मुद्दाम लिहिलं होतं.’

‘कचेरीच्या भाषेत हाच शब्द आहे.’

‘मग “लिहून देणाऱ्याने स्वतःच्या मनाने घातले” असं लिहा ना. तुमचं नाव नका टाकू. एवढं तर लिहा.’

मी ऐकले नाही. त्यांनी मोठा श्वास घेतला, ‘नजरचुकीने’ असे टाईप केले, कागद माझ्यापुढे ठेवला आणि भेंडी उचलून गेल्या. त्यानंतर वडिलांच्या कागदांसाठी त्या मेव्हण्याला फोन करून निरोप ठेवीत. माझ्या टेबलाशी बसल्या नाहीत.

दुसरे उत्तर त्याला हिवाळ्यात आले. त्या दिवशी तो आमच्या इमारतीच्या पायऱ्यांवर बर्फ वितळण्यासाठी मीठ टाकीत होता. हातमोजा काढून त्याने कागद माझ्याकडे दिला. पुस्तिका छपाईला गेली होती. शिवाय, सातवा क्रमांक आणि दुखापत या गोष्टी नजरचुकीने कशा लिहिल्या जातात हे समितीला समजू शकले नव्हते. शेवटी एक ओळ होती : वृद्ध प्रशिक्षकांना आपल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या अर्जामुळे फार वाईट वाटले असून या विषयावर पुन्हा बोलण्याची त्यांची इच्छा नाही.

‘नोंदीचं जाऊ द्या,’ तो म्हणाला. ‘पण मास्तरांना वाटतंय की मी खोटं बोललो.’

‘तुम्ही त्यांना फोन करा,’ मी सुचवले.

‘केला. त्यांच्या मुलीने घेतला. ते बागेत आहेत म्हणाली. तीनदा बागेत होते.’ मग तो पुन्हा मीठ टाकू लागला. ‘जपून उतरा, मिस्टर रायटर. खालची पायरी निसरडी आहे.’

त्याच वेळी मी बोलायला हवे होते. माझ्याजवळ शब्द होते. शब्दांखेरीज माझ्याजवळ दुसरे काही नव्हतेच. मी जपून उतरलो आणि दुकानात गेलो. पुढचे सहा-सात महिने घरात नळ गळला तर पत्नीला त्याला बोलवायला सांगून मी बाहेर फेरफटका मारायला जात असे.

‘तुमचं त्याच्याशी काही वाकडं आहे का?’ तिने एकदा विचारले.

‘त्याचं माझ्याशी नाही,’ मी म्हणालो. ती अर्धवट समजली असावी, कारण त्या दिवसापासून तिने त्याच्यासाठी चहा ठेवण्यास सुरुवात केली.

२००८ च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिक सुरू होते. मेव्हण्याने दुकानातल्या दूरदर्शन संचावर ते लावून ठेवले होते आणि गिऱ्हाइके तांदळाची पोती ट्रॉलीत ठेवून पाहत उभी राहत. एका दुपारी तो आला. हातात पातळशी पुस्तिका होती, बहिणीने पाठवलेली. मुखपृष्ठावर त्यांचा ध्वज होता. तो खुर्चीवर बसला आणि पुस्तिका हिरव्या कापडावर ठेवली. मधले पान उघडून म्हणाला, ‘हे वाचून दाखवा.’

मी पाहिले. त्याच्या सदऱ्याच्या खिशात चष्मा होता. त्याची एक काडी बाहेर आलेली मला स्पष्ट दिसत होती.

‘सातवा मी लिहिलं होतं,’ मी म्हणालो. ‘दुखापतही. बाईंची चूक नव्हती. मधला परिच्छेद मी तुम्हाला वाचून दाखवला नव्हता.’

‘मला माहीत आहे.’

‘केव्हापासून?’

‘तुम्ही बाईंचं नाव घेतलंत तेव्हापासून. त्यांनी मला विचारलं होतं, खरंच चिंचोके होते का. जो माणूस असं विचारतो तो चिंचोके विसरत नाही.’

‘मग त्यांना तुम्ही तसं का म्हणालात? दुकानात, माझ्यासमोर?’

‘तुम्ही तिथे उभे होतात,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, आता बोलाल.’

मागे दूरदर्शनवर कोणीतरी जिंकले असावे, कारण ट्रॉल्यांशी उभी माणसे टाळ्या वाजवीत होती. मी म्हणालो की मास्तरांना मी स्वतःच्या सहीने, स्वतःच्या नावाने पत्र लिहितो, आज, आत्ता, एकही शब्द न वाढवता. तो म्हणाला की मास्तर जूनमध्ये गेले. हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. ते मी माझ्यावरचे उपकार समजतो.

‘वाचा,’ तो म्हणाला. ‘या वेळी सगळं. अक्षर न् अक्षर.’

त्याने डोळे मिटले नाहीत. मी वाचू लागलो. प्रथम पथकाचे वर्ष, यजमान शहर, प्रशिक्षकाचे नाव, मुष्टियोद्ध्याचे नाव, पहिल्या फेरीत पराभूत. मग त्याचे नाव. त्याच्या वडिलांचे नाव. गाव. दहा हजार मीटर. पुढे चार शब्द होते, आणि तेथे मी अडलो. तो थांबला होता. घाई करीत नव्हता. शेवटी मी तेही चार शब्द वाचले, मोठ्याने, जसे छापले होते तसे.

‘समजलं,’ तो म्हणाला, पुस्तिका मिटून खिशात घातली, आणि मेव्हण्याकडून अर्धा पौंड चिंच घेऊन कामावर गेला.